टायमिंग बेल्ट घरी बदलणे

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या बाजूला प्लॅस्टिकच्या कव्हरखाली लपलेला, आतून दाते असलेला रबरी पट्टा. खालच्या क्रँकशाफ्टचं फिरणं तो वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. क्रँकला पिस्टन जोडलेले, कॅमच्या हातात हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, आणि फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच फेरा व्हायला पाहिजे, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा बरोब्बर दुप्पट दाते असतात. बाहेरून दिसणारा, अल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट वेगळा. तो तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, पण गाडी थोडी तरी चालते. टायमिंगचा तुटला की गाडी जागच्या जागी बंद.

हा पट्टा मोठ्या प्रमाणात बनलेल्या कारमधे पहिल्यांदा आला तो पश्चिम जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ मॉडेलमधे, १९६२ ला. त्याआधी सगळीकडे चेन किंवा गिअर. आपल्याकडच्या अँबेसेडर, पद्मिनीतही चेनच होती. पट्टा हलका, स्वस्त, आवाज कमी, तेल लागत नाही, फक्त रबर आहे म्हणून त्याला वय असते. आधी निओप्रीन असायचं, आता उष्णता जास्त सोसणारं एचएनबीआर रबर, आत फायबरग्लासचे बारीक दोरे आणि दातांवर नायलॉनचं कापड. मारुती ८००, झेन, एस्टीम, पहिली सँट्रो, डिझेल इंडिका, डिझेल डस्टर या सगळ्या पट्ट्यावाल्या. मारुतीची के सिरीज आणि स्विफ्टचं १.३ डिझेल चेनवाले, त्यांच्या मालकांनी ही नोंद इथेच सोडली तरी चालते.

बदलायचा कधी ते गाडीच्या मॅन्युअलमधे लिहिलेलं असते, किलोमीटर आणि वर्षं दोन्ही, आणि जे आधी येईल ते धरायचं. लोक किलोमीटर पाहतात आणि वर्षं विसरतात. नागपुरात तर वर्षंच जास्त पाहायला पाहिजे, कारण मे २०१३ मधे इथे पारा ४७.९ वर गेला होता, साधारण मे महिन्यातही ४५ म्हणजे काही विशेष नाही, आणि सीताबर्डीच्या ट्रॅफिकमधे एसी लावून उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्या पट्ट्याचं काय होत असेल ते सांगायला नको. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी, घरून भाजी बाजार आणि भाजी बाजारहून घर एवढीच फिरणारी गाडीसुद्धा पट्टा जुना करतेच.

तुटायच्या आधी पट्टा बहुतेक वेळा काही सांगत नाही. तुटल्यावर मात्र एक खूण पक्की आहे. चावी फिरवली की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि एकसारखा फिरते, नेहमीचं ते धाप लागल्यासारखं अडखळणं नसते, कारण व्हॉल्व्ह जागेवर थांबलेले आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला हवेचा दाब, धड बनत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा चावी मारायची नाही. इंटरफेरन्स इंजिन असेल, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगणारे, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागते. आपलं इंजिन तसं आहे की नाही हे माहीत नसेल तर आहे असंच धरून चालायचं. तीन हजार आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, त्या वेगात चूक किती महाग पडेल याचा अंदाज करा. पट्टा काही शे रुपयांचा, हेडचं काम कित्येक हजारांचं.

घरी पहिल्यांदा करायचं तर दोन दिवस ठेवा. मिस्त्री दोन-तीन तासात करतात, ते सोडा. आणि शक्यतो हिवाळ्यात करा, मे मधे करायचंच असेल तर सकाळी सहाला सुरू करून दहाला हात धुवायचे, त्यानंतर पाना उचलला तर हाताला चटका बसतो. घाट रोडवर स्पेअरच्या दुकानात गेलात तर नुसता पट्टा मागू नका, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारं) बेअरिंग आणि आयडलर (पट्ट्याला नुसता आधार देणारी पुली) असेल तर तोही घ्या, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील घ्या, आणि ज्या गाडीत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो, डिझेल डस्टरसारखा, तिथे पंपही. नवा पट्टा ठीक आणि जुनं बेअरिंग जाम, असं झालं तर पट्टा तेवढ्यानेही जातो. घरी आणलेला पट्टा पिळायचा नाही, उलटा करून पाहायचा नाही, खिशात दुमडून ठेवायचा नाही, आतले काचेचे दोरे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. जुन्याचे आणि नव्याचे दाते मोजून घ्या, दुकानदार ओळखीचा असला तरी.

काम असं. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मागच्या चाकांना विटा, पुढचं त्या बाजूचं चाक काढून गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. स्पार्क प्लग काढले की इंजिन हातानं सहज फिरते. फॅन बेल्ट, मग क्रँकची पुली. काही गाड्यांत चार-पाच छोटे बोल्ट काढले की ती हातात येते, काहींत मधला मोठा बोल्ट खोलावा लागतो आणि तो हलत नाही. पाचवा गिअर टाकून घरच्या कोणाला ब्रेकवर पाय ठेवायला बसवायचं, टॉमीवर, म्हणजे पाना फिरवायच्या दांड्यावर, लोखंडी पाईप चढवायचा, आणि नागपूरच्या मारबत मिरवणुकीतल्यासारखं 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून जोर लावायचा. स्टार्टरच्या झटक्यानं बोल्ट सोडवायची युक्ती कोणी सांगितली तर पहिल्या वेळी ऐकू नका. बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचं इंजिन माउंटिंगही काढावं लागते, तेव्हा ऑइल पॅनखाली लाकडी पाटी ठेवून तिच्याखाली जॅक लावायचा.

कव्हर निघालं की खरा विषय येतो, मार्क. क्रँकच्या पुलीवर एक खूण, तिच्यासमोर ब्लॉकवर किंवा ऑइल पंपाच्या बॉडीवर एक, कॅमच्या पुलीवर एक आणि तिच्यासमोर मागच्या कव्हरवर किंवा हेडवर एक. जुना पट्टा चढलेला असतानाच क्रँक फिरवून सगळ्या जुळवून घ्यायच्या, क्रँकची जुळली आणि कॅमची विरुद्ध दिशेला दिसली तर अजून एक पूर्ण फेरा द्यायचा. फिरवायचं इंजिनाच्या चालत्या दिशेनंच, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेनं, होंडाच्या जुन्या डी सिरीजमधे उलट. जुळल्या की पट्ट्यावर आणि पुल्यांवर व्हाइटनरनं ठिपके मारा, फोटो काढा, आणि मधले दाते मोजून तेच ठिपके नव्या पट्ट्यावर उतरवा.

माझी झेन, चार सिलिंडर, ९९३ सीसी, मानेवाड्याच्या घराच्या पोर्चमधे. टेन्शनर सैल करून पट्टा काढला आणि कॅमची पुली व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोरानं खट्ट करून दोन बोटं सरकली. माझा जीव खाली. शेजारचे काका हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ते कंपाउंडवरून पाहत होते. म्हणाले, "काहून घाबरून राहिला बे, हळूच आण ना जागेवर, अडली का जोर नको लावू." आणली. नवा पट्टा चढवला, दोन्ही मार्क तंतोतंत, टेन्शनर सोडला, बोल्ट आवळला, हातानं क्रँकचे दोन फेरे दिले आणि पाहतो तर कॅमचा मार्क एक दात मागे. पुन्हा केलं. पुन्हा एक दात. तिसऱ्यांदा काका गेट उघडून आत आले.

चूक अशी होती की मी पट्टा मार्क पाहून चढवत होतो, पण ढील कुठे आहे ते पाहत नव्हतो. पट्ट्याच्या दोन बाजू असतात, एक जिथे टेन्शनर दाबतो आणि दुसरी जिथून क्रँक कॅमला ओढते. ढील सगळी टेन्शनरच्या बाजूला पाहिजे. ओढायच्या बाजूला थोडी जरी राहिली तर उभ्या इंजिनात मार्क जुळलेले दिसतात, आणि क्रँक फिरली की ती ढील आधी खाल्ली जाते, कॅम मग हलते. क्रँकच्या पुलीला समजा २० दाते असतील तर एक दात म्हणजे १८ अंश, ही काही लहान गोष्ट नाही, तेवढ्यात गाडी चालू होते पण पिकअप नसते आणि आयडलिंगला थरथरते. म्हणून क्रम असा, आधी क्रँक, मग ओढायची बाजू ताणून धरत कॅमपर्यंत, तिथे कागदाला लावायची काळी क्लिप लावून पट्टा पुलीला पक्का धरायचा, टेन्शनर सगळ्यात शेवटी. क्लिप काढायला विसरू नका, मी विसरत होतो.

मग हातानं दोन पूर्ण फेरे, क्रँकचे. मधे कुठे कडक अडलं तर तिथेच थांबायचं, ते कॉम्प्रेशन नाही, प्लग तर काढलेले आहेत, ते व्हॉल्व्ह असू शकते. दोन फेऱ्यांनंतर मार्क पुन्हा जुळले तरच कव्हर लावायचं आणि मगच चावी. काकांचं म्हणणं, "मार्क पाहून घे पयले, चावी कुठं पळून राहिली?" ताण मॅन्युअलप्रमाणे. पट्टा जास्त आवळला तर इंजिन सायरनसारखं बारीक कुईं करते आणि बेअरिंग जाते.

डिझेल डस्टर आणि तशा गाड्यांत टायमिंग लॉक करायला खास पिना लागतात, त्यांच्याशिवाय अंदाजानं करायचं हे काम नाही, पहिल्यांदा करणाऱ्यानं तर नाहीच. जुन्या झेनवर किंवा ८०० वर हात बसवावा.

झालं की कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवायचे, एमएच ३१ ची, म्हणजे नागपूर पासिंगची, गाडी उद्या कोणाकडे जाईल सांगता येत नाही आणि विकताना बिलं कोणी देत नाही. माझ्या झेनच्या कव्हरवर आधीच्या कोण्या मिस्त्रीनं लिहिलेलं होतं, पण तेलानं आकडे पुसले होते, फक्त 'दिवाळी' एवढंच वाचता आलं, कोणती ते नाही.