गोव्यातील पती-पत्नींसाठी आयकराचे कलम ५ए: कोणाला लागू होते आणि विवरणपत्र कुठे अडते

आपल्याकडे पती-पत्नीने मिळून एकच आयकर विवरणपत्र भरण्याची सोय नाही. नवऱ्याने स्वतःचे पैसे बायकोच्या नावावर मुदत ठेवीत टाकले, तर कलम ६४ नुसार त्या ठेवीचे व्याज पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे घरातला कर कमी करण्याचा तो सोपा वाटणारा मार्ग पुण्या-कोल्हापुरात चालत नाही. गोव्यातील बहुसंख्य जोडप्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या उत्पन्नाची निम्मी-निम्मी वाटणी कायद्यानेच ठरवून दिली आहे. तरीही दरवर्षी कितीतरी जण ती वाटणी दाखवतच नाहीत किंवा दोघांपैकी एकानेच दाखवतात, आणि मग परतावा अडकतो किंवा नोटीस येते.

आयकर कायदा १९६१ मधील कलम ५ए हे १९९४ च्या वित्त कायद्याने आले आणि १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाले. पोर्तुगीज नागरी संहितेतील समाईक मालमत्तेच्या (म्हणजे पती-पत्नींची मालमत्ता दोघांची मिळून धरण्याच्या) पद्धतीखाली येणाऱ्या जोडप्याचे उत्पन्न व्यक्तींचा समूह म्हणून न धरता, पगार सोडून प्रत्येक शीर्षाखालील (घरभाडे, धंदा, व्याज अशा प्रकारांचे) उत्पन्न पती आणि पत्नी यांच्यात समान वाटून दोघांच्या एकूण उत्पन्नात वेगवेगळे धरावे, असे ते सांगते. गोव्याबरोबरच दमण व दीव आणि दादरा व नगर हवेली या भागांनाही ते लागू आहे. (कलमात ही संहिता १८६० ची म्हटली आहे, प्रत्यक्षात ती १८६७ ची आहे, त्यामुळे कागदपत्रांत दोन वेगळी साले दिसली तरी गोंधळून जाऊ नये.) १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या आयकर कायदा २०२५ मध्येही ही तरतूद कायम आहे.

फरक किती पडतो, ते पाहू. म्हापशातील एका दुकानदाराचा वर्षाचा नफा २० लाख रुपये आहे आणि पत्नीचे स्वतंत्र उत्पन्न काही नाही, असे धरा. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत सगळे उत्पन्न त्याच्या एकट्याच्या नावावर दाखवले, तर उपकरासह २,०८,००० रुपये कर येतो. कलम ५ए प्रमाणे दोघांच्या वाट्याला १०-१० लाख आले, तर प्रत्येकी ४०,००० रुपयांचा कर कलम ८७ए च्या सवलतीत पूर्ण माफ होतो आणि घराचा कर शून्यावर येतो.

हा आकडा पाहून कोणी याला करबचतीची योजना समजू नये. ही वाटणी ऐच्छिक नाही, ती नुकसानीची असली तरी करावीच लागते. पत्नीचा पगार १२,७५,००० रुपये असेल, तर प्रमाणित वजावटीनंतर तिला कर नाही. पतीच्या धंद्याचे ६ लाख एकट्याच्या नावावर धरले, तर त्यालाही कर नाही. पण त्यातले ३ लाख तिच्या वाट्याला जाताच तिचे करपात्र उत्पन्न १५ लाख होते आणि तिला १,०९,२०० रुपये भरावे लागतात. 'यंदा आम्हाला परवडत नाही, म्हणून "नाही" वर खूण केली,' हे उत्तर करनिर्धारण अधिकारी मान्य करत नाही.

कोण पात्र आहे

विवरणपत्राच्या पहिल्याच भागात 'आपण पोर्तुगीज नागरी संहितेखाली येता का?' असा प्रश्न असतो, आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. पणजीचा पत्ता आहे म्हणून उत्तर 'होय' होत नाही. नोकरीसाठी सावंतवाडीहून किंवा बेळगावहून येऊन गोव्यात स्थायिक झालेले, महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात लग्न लागून तिथेच नोंदलेले जोडपे केवळ राहण्याने या संहितेखाली येत नाही. उलट, मूळ गोव्याचे आणि गोव्यातच विवाह नोंदवलेले जोडपे मुंबईत राहायला गेले म्हणून तिच्यातून सुटतही नाही. मूळ गोमंतकीयाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला हीच संहिता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सांगितले आहे.

दुसरी अट विवाहपूर्व कराराची. लग्नाआधी नोटरीसमोर करार करून मालमत्ता स्वतंत्र ठेवण्याची पद्धत ज्यांनी स्वीकारली, त्यांना कलम ५ए लागू नाही. असा करार नसेल तर समाईक पद्धत आपोआप लागू होते, आणि लग्नानंतर ती बदलता येत नाही. पुष्कळांना आपल्या लग्नाच्या वेळी असा करार झाला होता की नाही हेच आठवत नाही, कारण त्या धावपळीत वडीलधाऱ्यांनी जिथे सांगितले तिथे सह्या झालेल्या असतात. तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयातून विवाह नोंदणीचा उतारा काढावा आणि कराराचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचून पाहावे.

याच उताऱ्यावरून आणखी एक गोष्ट उघडकीस येते, आणि ती मनाला फार लागते. गोव्यात विवाह नोंदणीच्या दोन सह्या असतात. पहिली सही ही विवाहाच्या इराद्याची घोषणा असते, विवाह पूर्ण होतो तो दुसऱ्या सहीने. पहिली सही करून, धार्मिक विधी उरकून संसाराला लागलेली जोडपी पुढे कधीतरी उतारा मागायला जातात, तेव्हा नोंदणी पूर्णच झालेली नाही असे त्यांना कळते. पहिल्या सहीच्या वेळीच, तारखेसह, हे समजावून सांगायला कार्यालयाला किती वेळ लागतो? विवरणपत्राला कोणताही कागद जोडायचा नसला तरी नोटीस आली की हाच उतारा मागितला जातो, म्हणून तो आधीच घरात असावा.

परिशिष्ट ५ए आणि टीडीएस

आयटीआर-१ हा विवरणपत्राचा नमुना या जोडप्यांना चालत नाही. वाटणी दाखवण्याचा तक्ता, म्हणजे परिशिष्ट ५ए, आयटीआर-२ आणि आयटीआर-३ मध्ये असतो, आणि वाटणीत धंद्याचे उत्पन्न असेल तर आयटीआर-३ घ्यावा. जोडीदाराचे नाव, पॅन, आधार आणि प्रत्येक शीर्षाखालील वाटा भरायचा. पगार आणि स्वतःचे निवृत्तिवेतन ज्याचे त्याच्याकडेच राहते. पगारातून साठवलेल्या पैशांवरचे व्याज मात्र वाटले जाते, आणि सरकारी नोकरांकडून नेमके हेच सुटते. घरभाड्याच्या बाबतीत आधी प्रमाणित वजावट वगैरे करून त्या शीर्षाचे उत्पन्न काढावे आणि मग ते वाटावे.

खरी अडचण टीडीएसची, म्हणजे उत्पन्न देतानाच कापून घेतलेल्या कराची आहे. समजा पतीच्या ठेवीवर १,२०,००० रुपये व्याज आले आणि बँकेने १२,००० रुपये कापले. बँकेला कलम ५ए माहीत नसते, म्हणून व्याज आणि कपात दोन्ही पतीच्या २६एएस मध्येच (पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात) दिसतात. पतीने टीडीएसच्या परिशिष्टात स्वतःकडे ६,००० ठेवून उरलेले ६,००० पत्नीचा पॅन लिहून तिच्याकडे वर्ग करायचे, आणि पत्नीने तेच ६,००० 'दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर कापलेला कर' या पर्यायाखाली पतीचा पॅन देऊन मागायचे. एकाने सोडले आणि दुसऱ्याने मागितले नाही, किंवा दोघांनीही पूर्ण १२,००० मागितले, की प्रक्रिया तिथेच थांबते. दोघांची विवरणपत्रे शेजारी-शेजारी ठेवून आकडे जुळवावेत, आणि ती शक्यतो एकाच दिवशी सादर करावीत. वार्षिक माहिती विवरणात 'ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे' असा प्रतिसाद नोंदवण्याची सोय आहे, तीही वापरावी.

ज्या गृहिणींनी कधीच विवरणपत्र भरलेले नाही त्यांच्याबद्दल काळजी वाटते. पॅन आधारशी जोडलेले नसते, पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल नवऱ्याचा असतो, आणि आपल्या नावावर १० लाखांचे उत्पन्न दाखवले आहे हेही त्यांना कोणी सांगितलेले नसते. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल तर आगाऊ कर त्यांनाही भरावा लागतो, आणि नोटीस त्यांच्याच नावाने येते. सादर करण्यापूर्वी विवरणपत्र त्यांनी स्वतः पाहावे.

मुदतीविषयी एक गैरसमज पक्का बसला आहे. ज्या फर्मला लेखापरीक्षण बंधनकारक आहे तिच्या भागीदाराला ३१ ऑक्टोबरची मुदत असते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५ए लागू असलेल्या त्याच्या जोडीदारालाही ती मिळाली. हे शब्द भागीदाराच्या जोडीदारासाठी आहेत. एकट्या मालकीच्या दुकानाचे लेखापरीक्षण होते म्हणून पत्नीलाही ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे असे गृहीत न धरता जुलैपूर्वीच सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

मागच्या वर्षी वाटणी दाखवायची राहून गेली असेल, तर सुधारित विवरणपत्राची मुदत संपण्याआधीच दोघांनी ते भरावे. त्यानंतर भरायच्या अद्ययावत विवरणपत्राला चार वर्षे मिळतात, पण त्यातून कर कमी करता येत नाही आणि परतावाही मागता येत नाही. परताव्यासाठी मग कलम ११९ खाली विलंबमाफीचा अर्ज हाच मार्ग उरतो. तो संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, आणि त्यात उशिराचे कारण पटण्यासारखे लिहून विवाह नोंदणीचा उतारा सोबत द्यावा.