चांदमारीच्या मैदानापासून काउंटीच्या सभागृहापर्यंत : अमेरिकेतील बंदूकहक्क चळवळीच्या स्थानिक कार्यकर्त्याची पार्श्वभूमी

जानेवारीतला तिसरा सोमवार अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सार्वजनिक सुट्टी असते. व्हर्जिनिया राज्याचे विधिमंडळ त्या दिवसांत अधिवेशनात असते. नोकरदार माणसाला रजा न काढता राजधानी रिचमंडला जाऊन आमदाराला भेटता येईल असा वर्षातला हा एक दिवस असल्यामुळे बंदूकहक्कवाल्यांनी तो कित्येक वर्षे आपला ‘लॉबी डे’ म्हणून पाळला आहे. २० जानेवारी २०२० रोजी तिथे सुमारे २२ हजार माणसे जमली. अनेकांच्या कोटांवर एकच गोल नारिंगी स्टिकर होता आणि त्यावर बंदुका जीव वाचवतात अशा अर्थाची तीन शब्दांची घोषणा होती. त्या दिवसाची छायाचित्रे जगभर गेली. मात्र या चळवळीचे बळ समजून घ्यायचे असेल, तर आधीच्या आठवड्यांत कामावरून सुटल्यावर घरी न जाता गावच्या बैठकीला गेलेल्या माणसाकडे पाहावे लागते. त्याची परंपरा जवळजवळ दीडशे वर्षांची आहे.

मराठी वाचकाला इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देतात आणि तो मिळणे ही सवलत मानली जाते. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा उल्लेख हक्क म्हणून केला आहे. हा हक्क व्यक्तीचा की नागरी सैन्यदलाचा, यावर तिथे दोन शतके वाद चालला आणि २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी व्यक्तीच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे तिथला कार्यकर्ता सरकारकडे काही मागायला निघालेला नसतो. आपले असलेले कोणी काढून घेऊ नये, अशी त्याची भावना असते. या भावनेशी सहमत व्हायलाच हवे असे नाही, पण ती ओळखल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

आरंभी राजकारण नव्हतेच. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी फार कच्ची होती, या अनुभवातून दोन माजी अधिकाऱ्यांनी, विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी, १८७१ मध्ये न्यूयॉर्क येथे नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन केली. नागरिकांना नेमबाजी शिकवणे एवढाच तिचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने लष्कराकडच्या जादा रायफली नागरी रायफल क्लबांना विकण्याची सोय केली आणि गावोगावच्या क्लबांना जोर आला. या क्लबांत शनिवार-रविवारची चांदमारी चाले. वर्गणी गोळा होई, कोणी चिटणीस होऊन सभेचे इतिवृत्त लिही, कोणी नव्या पोरांना बंदूक सुरक्षितपणे हाताळायला शिकवी. माझ्या मते या चळवळीचा खरा पाया इथेच पडला, कारण राजकीय हाक येण्यापूर्वीच माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती. आपल्याकडे तालमींनी आणि गणेश मंडळांनी किती सार्वजनिक कार्यकर्ते घडवले, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

ती हाक १९३४ मध्ये आली. टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर आलेल्या राष्ट्रीय अग्निशस्त्र विधेयकाच्या मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्वर यांचाही समावेश होता. असोसिएशनने सभासदांना आपापल्या खासदाराला पत्रे लिहिण्याचे आवाहन केले, पत्रे मोठ्या संख्येने गेली आणि अंतिम कायद्यातून पिस्तुले-रिव्हॉल्वर वगळली गेली. त्याच वेळी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे साक्ष देताना सरसकट बंदूक घेऊन फिरण्याला आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले होते. आजच्या भूमिकेशी ताडून पाहिले तर हे अंतर फार मोठे आहे.

हे अंतर कापले गेले ते १९६८ नंतर. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांच्या वर्षी बंदूक नियंत्रण कायदा झाला आणि टपालाने बंदुका मागवणे जवळपास बंद झाले. संघटनेच्या नेतृत्वाला राजकारणातून अंग काढून घ्यायचे होते. मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो स्प्रिंग्जला हलवावे आणि शिकार, निसर्गसंवर्धन, नेमबाजी यांवर भर द्यावा असा बेत ठरत होता. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत सामान्य आजीव सभासदांनी तो उधळला. नारिंगी टोप्या घालून आणि हातात वॉकीटॉकी घेऊन ते सभागृहभर विखुरले होते. संघटनेच्याच घटनेतील नियमांचा आधार घेत त्यांनी रात्रभर ठरावामागून ठराव मंजूर करून घेतले आणि पहाट होईपर्यंत जुने नेतृत्व जाऊन हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रे आली. सभेचे नियम घरी बसून वाचलेल्या माणसांनी केलेले हे सत्तांतर होते.

पुढची लढाई राज्याराज्यांत झाली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात हातबंदुकांची संख्या गोठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला. फ्लोरिडात १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून बंदूक बाळगण्याचा परवाना द्यावाच लागेल असा कायदा झाला. त्यामागे मॅरियन हॅमर यांचा चिवट पाठपुरावा होता, आणि पुढे त्या असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. इलिनॉयच्या सपाट मुलुखात स्वयंसेवकांनी हमरस्त्याकडेला ओळीने छोट्या पाट्या लावल्या. गाडी पुढे जाईल तशी यमक जुळवलेल्या कवितेची एकेक ओळ वाचायची आणि शेवटच्या पाटीवर संघटनेचे नाव, अशी ही जुन्या जाहिरातींवरून उचललेली रीत आहे. अशा पाट्या उभ्या करणे, पडल्या की पुन्हा ठोकणे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण निवडणुका नसलेल्या काळातही कार्यकर्ता त्याने बांधलेला राहतो.

२०१३ चे कोलोरॅडो हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेल्यानंतर कोलोरॅडोने बंदुकीच्या मॅगझिनवर १५ गोळ्यांची मर्यादा घातली आणि खासगी विक्रीलाही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी लागू केली. त्यावर प्वेब्लो गावात एका प्लंबरने दोघातिघांना सोबत घेऊन राज्याच्या सिनेटमधील स्थानिक सदस्य अँजेला हिरोन यांना परत बोलावण्याची, म्हणजे मुदतीआधीच मतदानाने पदावरून दूर करण्याची, मोहीम सुरू केली आणि ११ हजारांहून अधिक वैध सह्या जमवल्या. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स यांच्याविरुद्ध अशीच मोहीम चालली. न्यायालयाच्या एका निर्णयामुळे नेहमीसारख्या टपाली मतपत्रिका गेल्या नाहीत आणि प्रत्यक्ष केंद्रावर जाऊनच मत द्यावे लागले. अशा वेळी दारोदार फिरणाऱ्याला महत्त्व येते. १० सप्टेंबरला दोघेही पडले, त्यात मोर्स तर साडेतीनशेहून कमी मतांनी.

याच काळात विरुद्ध बाजूलाही असेच बळ उभे राहत होते. सँडी हूकच्या दुसऱ्याच दिवशी इंडियानातील शॅनन वॉट्स या गृहिणीने फेसबुकवर माता-भगिनींना हाक दिली आणि त्यातून बंदूक नियंत्रणाची देशव्यापी संघटना वाढली. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. त्या मातांच्या मागे हे दुःख उभे आहे, आणि बंदूकहक्काच्या कार्यकर्त्याला त्याला उत्तर द्यावेच लागते असे मला वाटते.

व्हर्जिनियात नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन्ही सभागृहे डेमोक्रॅट पक्षाकडे गेली आणि नवे कायदे येणार हे स्पष्ट झाले. लागलीच काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक घटक, तिच्या मंडळांच्या संध्याकाळच्या बैठका भरून वाहू लागल्या. एरवी रस्ते आणि शाळांचे अंदाजपत्रक यांवर चर्चा होणाऱ्या खोलीत जागा पुरेना, म्हणून माणसे बाहेर वाहनतळावर थांबली. यादीत नाव लिहायचे, पाळी आली की ठरलेल्या दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे मांडायचे आणि पुढच्याला जागा द्यायची, असा क्रम होता. बघता बघता शंभराहून अधिक काउंट्या, शहरे आणि गावांनी आपण दुसऱ्या घटनादुरुस्तीचे अभयस्थान असल्याचे, म्हणजे या हक्काविरुद्ध वाटणारे कायदे राबवण्यास आपला विरोध असल्याचे, ठराव केले. राज्याच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबरात या ठरावांना कायद्याचे बळ नसल्याचे मत दिले, तरी बैठका थांबल्या नाहीत.

लॉबी डेची ती गर्दी शांततेत पांगली. फेब्रुवारीत सिनेटच्या समितीने लष्करी धाटणीच्या रायफलींवरील बंदीचे विधेयक १० विरुद्ध ५ मतांनी पुढच्या वर्षावर ढकलले, पण पार्श्वभूमी तपासणीसह इतर अनेक कायदे झाले. त्यांतला एक १ जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्या इमारतींत आणि उद्यानांत बंदुकीला मनाई करण्याचा अधिकार त्याने स्थानिक संस्थांना दिला. तोवर वर्षातून एका सोमवारी रिचमंडला जाणाऱ्या कार्यकर्त्याला तेव्हापासून आपल्या गावच्या परिषदेची प्रत्येक कार्यक्रमपत्रिका वाचावी लागते, आणि विषय निघाला की कामावरून थेट सभागृह गाठावे लागते.