लग्नाची कॅसेट ‘एचडी’ करून हवी आहे? आधी हे वाचा

आम्ही जुन्या कॅसेट डिजिटल फाइलमध्ये उतरवून देतो. काउंटरवर कॅसेट ठेवली की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एचडीमध्ये करून द्याल ना?’ देतो. पण त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

आपल्याकडच्या पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या चित्रात वरून खाली 576 ओळी असतात, फुल एचडीत 1080. आडव्या दिशेने व्हीएचएसची, म्हणजे घरोघरच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटची, परिस्थिती आणखी बिकट. तिथे जेमतेम 240 रेघांइतका तपशील टिकतो. शालूच्या काठावरची बुट्टी शूटिंगच्या वेळी टेपवर उतरलीच नसेल, तर ती आज आम्ही कुठून आणणार? 1080 ची फाइल म्हणजे तेच चित्र मोठं केलेलं. तेवढं तर तुमचा घरचा टीव्हीही आपोआप करतो.

फायदा होतो तो यूट्यूबवर टाकणाऱ्यांना. जुन्या चित्रात सेकंदाला 25 फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत टिपलेली असते, म्हणजे हालचाल 50 वेळा. ती नीट उलगडली की वरातीतला नाच झटके न खाता दिसतो. यूट्यूब 50 फ्रेम दाखवतं ते 720 ओळींपासून पुढे, म्हणजे एचडी फाइलवरच. भाच्यांना परदेशात लिंक पाठवायची असेल तर एचडी जरूर घ्या. नुसतं घरी बघायचं असेल तर साधी फाइल पुरते, पैसे वाचवा.

आता ज्यात आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ते. कृपया डीव्हीडी आणू नका, कॅसेट आणा.

बऱ्याच घरांनी मधल्या काळात कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आणि कॅसेट माळ्यावर टाकली. तीन तासांची ई-180 कॅसेट 4.7 जीबीच्या एका डीव्हीडीत बसवायची म्हणजे चित्र दाबावं लागतं. विधी चालू असतात तोवर ते खपून जातं. पण मंगलाष्टकं संपून अक्षता उधळल्या की पडदाभर चौकोन! एचडी केल्यावर तेच चौकोन आणखी ठळक होतात. मग ‘काम नीट झालं नाही’ म्हणून फोन येतो, माळ्यावरून कॅसेट निघते आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो. दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे दुसऱ्यांदा लागतात, यावरून वाद नको.

कॅसेट ‘खराब झालीय’ असं वाटलं तरी आणा. खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. ‘चालते का बघू’ म्हणून व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप वाचणारं हेड घाण होतं आणि टेप अडकून तुटू शकते. आम्ही आधी साफ करतो, मग चालवतो.

दर तासावर का, असं विचारतात. तीन तासांची कॅसेट तीन तासच चालते, तिला घाई नसते. शिवाय व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी 2016 मध्ये थांबली. आमची मशिनं जुन्या सुट्या भागांवर जगतात, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी तुम्ही मागितल्याशिवाय आम्ही करत नाही. चित्र ताणून पूर्ण पडदा भरत नाही. बाजूचे काळे पट्टे राहू द्या, नाहीतर नवरदेव जेवणावळीनंतरचा वाटतो. आणि चेहरे ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर लावत नाही. ते आजीच्या सुरकुत्या पुसतं, अक्षतांना टेपवरची खरखर समजून हवेतल्या हवेत गायब करतं. हवंच असेल तर वेगळी कॉपी करून देऊ, मूळ फाइल तशीच राहील.

एचडीचे पैसे खरोखर वसूल होतात ते दोन ठिकाणी. एक, वडिलांनी वा आजोबांनी काढलेली 8 मिमी किंवा सुपर 8 ची रिळं. ती फिल्म आहे, तिच्यात टीव्हीच्या ओळींची मर्यादा नाही. एचडी स्कॅनमध्ये जुन्या प्रोजेक्टरवर कधी न दिसलेला तपशील वर येतो. दुसरं, एचडीव्ही. ही छोटी कॅसेट दिसायला हुबेहूब मिनीडीव्ही या हँडीकॅमच्या साध्या डिजिटल कॅसेटसारखी, पण आत 1440×1080 चं खरं एचडी शूटिंग असतं. साधी समजून कमी दर्जात उतरवलेल्या अशा कॅसेट आमच्याकडे पुन्हा येतात. कॅमेरा घरात पडून असेल तर सोबत आणा, मॉडेल बघून लगेच सांगता येतं. मिनीडीव्हीची मूळ फाइल तासाला साधारण 13 जीबी होते, तेव्हा पेन ड्राइव्ह नको, हार्ड डिस्क आणा.