फ्युकोइडन आणि फ्युकोझॅन्थिन : शैवाल एक, पदार्थ दोन

‘समुद्री शैवालातल्या फ्युकोझॅन्थिनमुळे रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू ४२ टक्क्यांनी घटतो’ अशा अर्थाचे वाक्य मी इतक्यांदा वाचले आहे की त्यातल्या तिन्ही चुका आता मला पाठ झाल्या आहेत. तो पदार्थ फ्युकोझॅन्थिन नव्हता, फ्युकोइडन होता, ते रुग्ण कर्करोगाचे नव्हते, आणि विषाणूचा भार घटणे म्हणजे कर्करोग हटणे नव्हे.

विषाणू आहे एचटीएलव्ही-१ आणि कर्करोग आहे प्रौढांमधील टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, ल्युकेमिया. जपानी डॉक्टर ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जपानमध्ये हा आजार वेगळा ओळखला. विषाणूची नोंद १९८० मध्ये अमेरिकेत झाली. नैर्ऋत्य जपानमध्ये, विशेषतः क्यूशू आणि ओकिनावा या बेटांवर, त्याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. तो अनेकदा आईच्या दुधातून बाळाकडे जातो, कित्येक दशके गप्प राहतो आणि साधारण पाच टक्के वाहकांमध्ये ल्युकेमियाला कारण ठरतो. ओकिनावातील रियुक्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी रोजच्या ताटातल्या शैवालातील पदार्थ या विषाणूने संसर्गित टी-पेशींवर तपासून पाहिले, यात म्हणूनच नवल काही नाही.

फ्युकोझॅन्थिनवर फार वेळ घालवायला नको, कारण त्याचे भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेत. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनच्याच कुळातले ते रंगद्रव्य असून तेलात विरघळते आणि शैवालाला तपकिरी रंग देते. वाकामे हे जपानी जेवणातले तपकिरी शैवाल उकळत्या पाण्यात टाकले की क्षणात हिरवेगार होते, कारण उष्णतेने फ्युकोझॅन्थिनची प्रथिनाशी असलेली जोडी तुटते आणि झाकले गेलेले हरितद्रव्य दिसू लागते. आतड्यात त्याचे रूपांतर फ्युकोझॅन्थिनॉलमध्ये होते, आणि प्रयोगशाळेत संसर्गित टी-पेशींवर हे बदललेले रूप मूळ पदार्थाच्या सुमारे दुप्पट प्रभावी ठरले.

फ्युकोइडनचा या रंगाशी काही संबंध नाही. ती गंधकयुक्त गट जोडलेली शर्करेची लांबलचक साखळी आहे. व्हिनेगरमध्ये कालवलेला ओकिनावाचा मोझुकू हा शैवालाचा प्रकार चमच्यावरून सुळकन निसटतो, त्या बुळबुळीतपणात तिचा मोठा वाटा असतो. ती पाण्यात विरघळते, पण रेणू इतका अवाढव्य की आतड्यातून रक्तात त्याचा अगदी थोडाच अंश पोहोचतो. दोन्ही नावे ‘फ्युकस’ या शैवालावरून आली, एवढेच त्यांचे नाते. नावसाधर्म्यापायी दोघांना एकाच बाटलीत कोंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खरी गफलत मात्र त्या ४२ टक्क्यांपाशी होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात १३ रुग्णांना रोज सहा ग्रॅम फ्युकोइडन सहा ते तेरा महिने दिले गेले आणि त्यांचा प्रोव्हायरल भार, म्हणजे रक्तपेशींच्या जनुकांत शिरून बसलेल्या विषाणूचे प्रमाण, ४२.४ टक्क्यांनी उतरला. हे सगळे रुग्ण याच विषाणूमुळे होणाऱ्या मज्जारज्जूच्या आजाराचे होते, ज्यात पाय हळूहळू कमजोर होत जातात. प्रयोगशाळेत फ्युकोइडनने एका पेशीतून दुसऱ्या पेशीत होणारा विषाणूचा प्रसार रोखला, आणि इथेच वाचकाने थांबून विचार करायला हवा. ल्युकेमियात विषाणूला नव्या पेशी गाठण्याची गरज उरलेली नसते. कधी काळी संसर्ग झालेली एक पेशी बेफाम होते, तिची पिल्लावळ वाढत जाते आणि प्रत्येक विभाजनासोबत विषाणूची जनुकेही आपोआप नकलली जातात. घर आतून पेटलेले असताना दाराला कुलूप लावण्यासारखा हा प्रकार आहे. ल्युकेमियासाठी निराळा प्रश्न विचारावा लागतो : हा पदार्थ त्या पेशींचे विभाजन थांबवतो का, किंवा त्यांना मारतो का?

या प्रश्नावर दोघांच्याही बाजूने काही पुरावा आहे. फ्युकोझॅन्थिनॉलने पेशींचे चक्र विभाजनाच्या तयारीतच अडवले आणि उंदरांमधील गाठींची वाढ रोखली, तर फ्युकोइडनने पेशींना आत्मनाशाकडे ढकलले आणि उंदरांमधील गाठींची वाढ अंशतः कमी केली. माझा कल फ्युकोझॅन्थिनॉलकडे आहे, कारण आपण गिळलेल्या पदार्थाचे शरीरात जे रूप बनते तेच तिथे तपासले गेले. फ्युकोइडनच्या बाबतीत बशीतल्या पेशी ज्या द्रावणात बुडवल्या जातात ते रक्तात तसे कधी तयार होत नाही. तरीही उंदराच्या कातडीखालची गाठ म्हणजे रुग्ण नव्हे. ल्युकेमियाच्या रुग्णासाठी उपचार म्हणजे केमोथेरपी, जपानमध्ये २०१२ पासून मान्य असलेले मोगाम्युलिझुमॅब हे औषध आणि काहींसाठी मूलपेशी प्रत्यारोपण; त्यांत शैवालाचा अर्क नाही. आणि त्या १३ जणांपैकी चौघांना जुलाब झाले, ते फ्युकोइडन बंद करताच थांबले, हे मात्र ४२ टक्क्यांच्या वाक्यात कोणीच लिहीत नाही.