रडारवरचा वेग: थेंबांचा की हवेचा?
वादळी ढगात हवा किती जोराने वर चढते, ते 'डॉप्लर रडारने मोजलं' असं सर्रास लिहिलं जातं. रडार हवेला पाहतच नाही. थेंब, हिमकण, गारा यांच्यावरून परतलेल्या लहरींची वारंवारिता किती सरकली, तेवढंच त्याला कळतं. आडव्या वाऱ्यापुरता हा फरक सोडून द्या, थेंब वाऱ्याबरोबरच वाहतात. उभ्या दिशेत मात्र सगळा हिशेबच फिरतो.

समजा, सरळ वर रोखलेल्या रडारने 'खाली, सेकंदाला 3 मीटर' दाखवलं. झोतात 2 मिलिमीटरचे थेंब असतील तर स्थिर हवेत ते साधारण 6.5 मीटरने पडतात, म्हणजे हवा 3.5 मीटरने वर चढतेय. पण तिथे 1 मीटरने पडणारे हिमकण असतील, तर हवा 2 मीटरने खाली येतेय. आकडा तोच, अर्थ नेमका उलटा. बर्फ वितळण्याच्या थरात तर काहीशे मीटरांत हा आकडा 1-2 वरून 6-7 वर जातो आणि कुणीतरी 'इथून अधोगामी प्रवाह सुरू' असं ठोकून देतं. बदललेले असतात कण; हवा बहुधा होती तशीच असते.

म्हणून पडण्याचा वेग वजा करावाच लागतो. परावर्तकतेवरून, म्हणजे परतलेला प्रतिध्वनी किती जोरदार आहे त्यावरून, त्याचा अंदाज बांधणं सोपं, पण भरवशाचं नाही. 4 मिलिमीटरचा एक थेंब 1 मिलिमीटरच्या 4096 थेंबांइतका प्रतिध्वनी देतो, त्यामुळे मोजकेच मोठे थेंब निकाल लावतात. 1-2 मीटरची चूक सहज होते, गारांमध्ये त्याहून जास्त. 20 मीटरच्या प्रवाहात ती खपते. संथ पावसाच्या ढगात उत्तरच खाऊन टाकते. उंचीवरच्या विरळ हवेत थेंब अधिक वेगाने पडतो, तीही दुरुस्ती हवीच.

फार जोर नसलेल्या, पण पुरेसे मोठे थेंब असलेल्या पावसात 94 गिगाहर्ट्झचं रडार उत्तम. त्याच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या वेगाच्या थेंबांकडून किती प्रतिध्वनी आला याच्या आलेखात, 1.7 मिलिमीटरच्या आसपासच्या थेंबांपाशी खाच पडते. असे थेंब स्थिर हवेत सुमारे 6 मीटरने पडतात, तेव्हा खाच जितकी सरकली तितका हवेचा वेग. मुसळधार पावसात मात्र ही लहर वाटेतच विरते.

नेहमीच्या फिरत्या रडारकडून उभ्या वेगाची अपेक्षाच नको. क्षितिजापासून जेमतेम अर्धा अंश वर रोखलेल्या झोतात 20 मीटरने चढणाऱ्या हवेचा वाटा फक्त 0.17 मीटर! तिथे दोन-तीन रडारांवरून आडवा वारा काढून वस्तुमान अक्षय्यतेच्या समीकरणाने (आडवी जितकी हवा एकत्र येते, तितकी वर किंवा खाली जायलाच हवी) थराथराची बेरीज करत उभा वेग मिळवतात. ही बेरीज ढगमाथ्यापासून खाली करावी. जमिनीपासून वर गेलात, तर घनता घटेल तशी चूक फुगत जाते.