भुयार नव्हे, नळ

पुण्याच्या जुन्या पेठांत रस्ता खणताना दगडी कमान लागली की बातमी ठरलेली: पेशवेकालीन भुयार सापडलं. संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर सिंहगडाला जाऊन पोचतं आणि त्यातून घोडेस्वारही दौडू लागतात. अडीच फूट रुंदीत घोडा वळणार कसा, हे कुणी विचारत नाही.

यातली बरीचशी ‘भुयारं’ पाण्याची असतात. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला आंबिल ओढा अडवून वर-खाली दोन तलाव केले. तिथून शनिवारवाड्यापर्यंत नऊ-दहा किलोमीटर बांधीव नळ आणला. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, फडके हौद ही नावं त्याच व्यवस्थेची. नाना फडणवीसांनी आंबेगावहून आणलेला नळ वेगळा. नळ म्हणजे इथे पाइप नव्हे. चर खणायचा, दगड-चुन्यात दोन भिंती उभारायच्या, वर कमान घालायची आणि माती लोटायची. आतली रुंदी साधारण अडीच फूट, उंची सहा फूट. इतकी उंची पाण्याला लागत नाही, गाळ काढायला आत उतरणाऱ्या माणसाला लागते. भुयाराचा भास होतो तो त्यामुळेच.

पुढच्या वेळी फोटो आला तर तीन गोष्टी बघा. तळाला आणि भिंतींना एका ठरावीक उंचीपर्यंतच गिलावा आहे का? त्या उंचीवर क्षारांची पांढरट रेघ आहे का? आणि वर आकाशाकडे उघडणारा चौकोनी धुराड्यासारखा उभा मार्ग दिसतो का? तो उच्छ्वास. या सगळ्या रचनेतला मला सगळ्यांत आवडणारा भाग तोच.

मुळात नळ अर्धवटच का भरायचा? कात्रज उंचावर आहे. समजा, तलाव आणि एखादी पेठ यांत ३० मीटरचा फरक आहे आणि नळ तोंडोतोंड भरून वाहतो आहे. खालच्या टोकाला तोटी बंद केली की पाणी स्थिर होतं आणि दर चौरस मीटरला ३० टन दाब येतो. सहा फूट, म्हणजे १.८ मीटर उंच भिंतीच्या एका मीटर लांबीवर ५४ टन. चुन्यातलं बांधकाम वरून येणारं ओझं शतकानुशतकं पेलतं, पण ताण त्याला सोसत नाही. सांधे उघडतील, कमान उचलली जाईल. म्हणून पाणी ओढ्यासारखं, वर हवा ठेवून वाहू द्यायचं. मग भिंतीवरचा दाब ठरतो फक्त पाण्याच्या खोलीवर. फूटभर पाणी असेल, तर तळाशी चौरस मीटरला जेमतेम ३०० किलो.

अशा नळातून मिळणारं पाणी मॅनिंगच्या सूत्राने, म्हणजे उघड्या प्रवाहाचा वेग देणाऱ्या सूत्राने, काढता येतं. वेग हा उताराच्या वर्गमूळाच्या आणि जलीय त्रिज्येच्या (पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले भिजलेल्या तळ-भिंतींची लांबी) दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असतो. रुंदी ०.७५ मीटर, खोली ०.३ मीटर, उतार हजारात एक, गिलाव्याच्या खरखरीतपणाचा गुणांक ०.०१५ धरला, तर वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या वर जातो आणि पाणी येतं सेकंदाला सुमारे १४० लिटर. दिवसाचे झाले एक कोटी वीस लाख. (हा नळाचा आवाका झाला. उन्हाळ्यात तलाव तेवढं देईल असं नाही.) उतार चौपट केला, तर वेग दुप्पट होतो आणि वाळू गिलावा खरवडू लागते. उतार फार कमी ठेवला, तर गाळ बसतो.

उच्छ्वास इथे कामाला येतो. वाहतं पाणी सोबत हवा ओढून आणतं. तिला वाट दिली नाही, तर ती कमानीखाली साचून प्रवाह अडवते. नळ तुंबला, तर पाणी उच्छ्वासात वर चढतं आणि कुठल्या टप्प्यात अडलं ते कळतं. शिवाय तळाशी खड्डा ठेवला की तिथे वेग मंदावून गाळ बसतो, तो घमेल्याने उपसता येतो. विजापूरचे पाण्याचे मनोरे आणि औरंगाबादची पाणचक्की पाहिलेल्यांना हे कुळ ओळखीचं वाटेल.

आता ‘चुन्यामुळे पाणी आपोआप शुद्ध व्हायचं’ या दाव्याविषयी. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, जंतू मारतो, हे खरं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा चुनखडक होतो. त्यावरून वाहणारं पाणी कठीण होईल, निर्जंतुक नाही. तलावात गाळ बसतो, पटकीचे जंतू सगळे बसत नाहीत. त्यात उघड्या हौदात दिवसभर घागरी बुडायच्या.

खरी अडचण पुढे आली. शहर वाढलं आणि नळाच्या आजूबाजूला शोषखड्डे व गटारं झाली. नळात दाब नाही, बाहेरच्या ओल्या मातीत आहे. त्यामुळे भेग पडली की बाहेरचं आत येतं. ज्या कमी दाबामुळे चुन्याची भिंत टिकली, त्यानेच पाणी बिघडवलं. १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाचं पाणी बिडाच्या पाइपांतून दाबाने येऊ लागलं, तेव्हा हे उलटलं: पाइप फुटला तर पाणी बाहेर जातं. नुकसान होतं, पण घाण आत येत नाही.

मात्र पाइप भरलेला आहे तोवरच. चार तास पाणी सोडून वीस तास बंद ठेवलं, की त्या वीस तासांपुरता बिडाचा पाइप कात्रजच्या नळासारखाच होतो, तोही उच्छ्वासाविना. पाणी उताराकडे ओसरतं, वरच्या भागात पोकळी होते आणि सैल जोडांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. म्हणून पाणी येताच पहिल्या बादल्या गढूळ दिसल्या, तर त्या पिण्यासाठी भरू नयेत. घरच्या तोटीशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा. क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी टाकल्यावर नमुना गुलाबी झाला नाही, तर क्लोरीन वाटेतल्या घाणीतच संपलेला असू शकतो.

आणि घरच्या नळजोडणीला थेट मोटार जोडली की पुरवठ्याच्या वेळेतही पाइपातला दाब शून्याखाली जाऊ शकतो. आधी जमिनीखालच्या टाकीत पाणी पडू द्यावं आणि मोटारीने ते टाकीतून चढवावं.