द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : चित्रपटांतून वगळलेले प्रसंग

दुष्ट सॉरॉनची जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या गोष्टीची जे. आर. आर. टॉल्किन यांची कादंबरी; तिच्यावर पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये केलेल्या तीन चित्रपटांतून (२००१, २००२, २००३) चित्रीकरण होऊनही संकलनात गळालेले प्रसंग. चित्रपटगृहांत हे भाग अनुक्रमे १७८, १७९ व २०१ मिनिटांचे होते. नंतर डीव्हीडीवर आलेल्या विस्तारित आवृत्त्या साधारण २०८, २२३ व २५१ मिनिटांच्या आहेत. कादंबरीतले टॉम बॉम्बाडिल हे पात्र किंवा फ्रोडोच्या मुलखातली, शायरमधली शेवटची लढाई या यादीत धरू नये. ती दोन्ही पटकथेतच नव्हती. पटकथेत न घेणे आणि चित्रित करून काढणे हे दोन वेगळे निर्णय आहेत.

सर्वाधिक गाजलेले उदाहरण सारुमान या दुष्ट जादूगाराच्या मृत्यूचे. मनोऱ्यावर उभा सारुमान खाली जमलेल्यांशी बोलतो, त्याचाच सेवक ग्रीमा त्याच्या पाठीत सुरा खुपसतो, तो खालच्या काटेरी चाकावर कोसळतो आणि त्याच्या झग्यातून दूरदर्शी गोळा, पालांतीर, पाण्यात पडतो. सुमारे सात मिनिटांचा हा प्रसंग मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी चित्रित झाला होता. तिथे हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईनंतर तो लांबण लावू लागला म्हणून तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ढकलला. तिथे तो आधीच्या चित्रपटाची आवराआवर वाटू लागला. स्मीगोल (म्हणजे पुढचा गॉलम) आणि त्याचा सोबती डीगोल यांचा पूर्वेतिहासही दुसऱ्या भागातूनच सरकून तिसऱ्याच्या आरंभी आला होता. दोन्ही ठेवले असते तर तिसऱ्या चित्रपटाची स्वतःची गोष्ट सुरू व्हायलाच फार उशीर झाला असता. सारुमानची भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली या निर्णयाने दुखावले व प्रीमियरला गेले नाहीत.

असा प्रसंग उचलला की मागे उरलेली भोके बुजवावी लागतात. विस्तारित आवृत्तीत बुटका योद्धा गिम्ली सारुमानचे मुंडके मागतो तेव्हा चांगला जादूगार गँडाल्फ म्हणतो, तो जिवंत हवा, त्याला बोलते करायचे आहे. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत त्याच जागी उत्तर येते की त्याच्यात आता काही शक्ती उरलेली नाही. आणि ट्रीबिअर्ड या चालत्याबोलत्या वृक्षाने त्याच्यावर पहारा ठेवावा असे ठरते. तीन-चार वाक्यांत सात मिनिटांचे काम भागले. पालांतीरचे मात्र नीट जमले नाही: फ्रोडोचा मित्र पिपिन याला तो पाण्यात सापडतो, पण तिथे कसा आला हे प्रेक्षकाला कळत नाही. पुढच्या कथेला गोळा आवश्यक असल्याने ती त्रुटी पत्करावी लागली.

वस्तूंची साखळी तपासणे हेच या कामातले सर्वांत किचकट अंग. पहिल्या भागात एल्फांची राणी गलाड्रिएल भेटवस्तू देते तो प्रसंग कापताना फ्रोडोला दिलेली प्रकाशाची कुपी राखली, कारण तिसऱ्या भागात शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या गुहेत तिच्यावाचून भागत नाही. फ्रोडोचा सोबती सॅम याला मिळालेला दोर गेला. त्यामुळे दुसऱ्या भागात गॉलमला पोळणारा एल्फांचा दोर आला कुठून, हे पुस्तक न वाचलेल्याला उमगत नाही. सॉरॉनचा सेनापती विच-किंग याने गँडाल्फची काठी मोडल्याचे दृश्यही असेच गेले.

सर्वांत महाग पडलेली कात्री मात्र गोंडोर राज्यातल्या ऑसगिलिअथ शहरातल्या पूर्वदृश्याला लागली, असे म्हणावे लागते. त्यात थोरला बोरोमिर, धाकटा फॅरामिर हे भाऊ आणि गोंडोरचा कारभारी असलेला त्यांचा बाप डेनेथर एकत्र दिसतात. धाकट्याचा पाणउतारा होतो आणि थोरल्याला अंगठी आणायला पाठवले जाते. ते वगळल्याने फॅरामिर फ्रोडोला गोंडोरकडे का ओढत नेतो याची दुखरी नस अदृश्य झाली. पुस्तकात फॅरामिर अंगठीचा मोह टाळतो, त्यामुळे वाचकांना तो विनाकारण बिघडवलेला वाटला. कथानक अडत नाही म्हणून असे प्रसंग आधी कापले जातात. नुकसान पात्राच्या हेतूचे होते आणि ते कापताना सहज लक्षात येत नाही.

पूर्ण प्रसंग उचलण्याला पर्याय म्हणजे प्रत्येक प्रसंगातून थोडेथोडे छाटणे. सात मिनिटे म्हणजे सेकंदाला २४ चौकटींप्रमाणे १०,०८० चौकटी, ३५ मिमी फिल्मवर सुमारे ६३० फूट. एवढे सगळीकडून खरवडले तर विराम आणि प्रतिक्रियांचे शॉट आधी जातात आणि अख्खा चित्रपट धापा टाकू लागतो. शक्यतो काय कापायचे हा निर्णय दृश्य परिणामांचे काम सुरू होण्याआधी व्हावा. तयार डिजिटल शॉट फेकणे महागात पडते.

कापलेले परत जोडणेही सोपे नसते. पार्श्वसंगीत कापाच्या अलीकडून पलीकडे वाहत असते, मध्ये प्रसंग घातला की ते तुटते. म्हणून विस्तारित आवृत्त्यांसाठी हॉवर्ड शोर यांना नवे संगीत लिहावे लागले आणि ध्वनिमिश्रणही पुन्हा झाले.

काही चित्रीकरण विस्तारित आवृत्तीतही परतले नाही. हेल्म्स डीपवर लढणारी एल्फ राजकन्या आर्वेन त्यांपैकी एक. सॉरॉनच्या मुलखाच्या काळ्या दरवाजापाशी गोंडोरच्या गादीचा वारस आरागॉर्न प्रत्यक्ष सॉरॉनशी झुंजतो असेही चित्रित झाले होते. पण त्यामुळे लढा फ्रोडोकडून आरागॉर्नकडे सरकत होता. तेव्हा त्याच शॉटमध्ये सॉरॉनच्या अंगावर डिजिटल ट्रोल बसवण्यात आला आणि चित्रपटात आरागॉर्न त्या ट्रोलशीच लढताना दिसतो.